जुनी मोटार बोलू लागते तेव्हा...

श्रावण सरत आला, की मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना कोकणचे वेध लागतात. गणरायाच्या आगमनापूर्वी गावचे घर गाठायचे म्हणून घरातली मोटार बाहेर काढली जाते. पुष्कळ कुटुंबांत ही मोटार नवी नसते. बारा-पंधरा पावसाळे तिने पाहिलेले असतात. इंजिन ठीक असते, बॅटरी नुकतीच बदललेली असते, टायरमध्ये हवा भरलेली असते. मात्र गतिरोधकावरून उतरताना पुढच्या डाव्या चाकाकडून ‘खड्’ असा एक आवाज येतो. महिन्याभरापूर्वी तो नव्हता. घरातले कोणी तरी म्हणते, “जुनी गाडी आहे, वाजायचीच.” आवाज नकोसा वाटतो म्हणून रेडिओ थोडा मोठा केला जातो आणि मोटार घाटाच्या दिशेने निघते.

जुन्या मोटारीच्या आवाजाकडे पाहण्याची ही एक रीत झाली. दुसरी रीत याच्या अगदी उलट असते. आवाज ऐकताच मालक धास्तावतो, गॅरेज गाठतो आणि ‘पुढचे सगळे काम करून टाका’ असे सांगून मोकळा होतो. हजारो रुपये खर्च होतात, अनेक सुटे भाग बदलले जातात आणि कित्येकदा आवाज मात्र जागच्या जागीच राहतो. पहिल्या रीतीत जिवाला धोका आहे, दुसरीत खिशाला. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे आवाजाची शिस्तबद्ध पारख. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. आवाज कोठून येतो हे शोधण्यापूर्वी तो केव्हा येतो हे पाहण्याची सवय मात्र हवी.

चाकामागची यंत्रणा

मोटारीच्या पुढच्या चाकांना दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. रस्त्याच्या चढउतारांप्रमाणे त्यांनी वरखाली व्हावयाचे असते आणि चालकाच्या इच्छेप्रमाणे डावीउजवीकडे वळावयाचेही असते. पहिले काम सस्पेन्शनच्या आधारे होते, दुसरे स्टिअरिंगच्या. ही दोन्ही कामे चालू असताना चाकाने आपली ठरलेली दिशा तसूभरही सोडता कामा नये. एवढी लवचिकता आणि एवढा काटेकोरपणा एकत्र साधण्याची जबाबदारी काही सांधे, काही रबरी तुकडे आणि काही स्प्रिंगा यांच्यावर असते.

स्टिअरिंग फिरवले, की त्याचा दांडा खाली पिनियन नावाच्या लहान दातेरी चाकाला फिरवतो. पिनियन आपल्या दातांनी रॅक या आडव्या दातेरी दांडीला डावीउजवीकडे सरकवतो. रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड जोडलेले असतात. चाक ज्या भक्कम तुकड्यावर बसवलेले असते, त्या नकलला हे टाय रॉड ढकलतात वा ओढतात आणि चाक वळते. नकल खालच्या बाजूस लोअर आर्म या पोलादी हाताला बॉल जॉइंटने जोडलेला असतो. बॉल जॉइंट म्हणजे माणसाच्या खुब्यासारखा सांधा: एक गोल डोके आणि त्याला धरून ठेवणारी वाटी. लोअर आर्मची दुसरी बाजू रबरी बुशांच्या मध्यस्थीने मोटारीच्या सांगाड्याला जोडलेली असते. पुष्कळ मोटारींत वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना सांधणारी एक पोलादी सळई असते. हिला स्टॅबिलायझर बार म्हणतात आणि तिच्या टोकांना लहान लिंक असतात.

ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या एके काळी आपल्या रस्त्यांवर सर्वत्र दिसणाऱ्या मोटारींना मागच्या बाजूस पोलादी पाटे असत. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर पुढच्या चाकांसाठी मॅकफर्सन स्ट्रट ही रचना असंख्य भारतीय घरांत पोहोचली. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात बसवलेले असतात. आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक लहान मोटारींची पुढची बाजू याच धर्तीची आहे. त्यामुळे पुढील विवेचन मुख्यतः अशा मोटारींना लागू पडते.

मोटार जुनी होते म्हणजे काय होते?

लोखंड झिजते ते धावण्याने. रबर मात्र नुसत्या काळानेही म्हातारे होते. उन्हाने, उष्णतेने आणि हवेने ते कडक होत जाते, त्याला भेगा पडतात आणि शेवटी ते धातूपासून सुटते. म्हणूनच पंधरा वर्षांत केवळ तीस हजार किलोमीटर धावलेली मोटार सुदृढच असेल, असे समजणे चुकीचे ठरते. विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा रबराला कडक करतो, तर कोकण किनाऱ्याची खारी हवा स्प्रिंगांना आणि बोल्टांना गंज चढवते. पहिल्या पावसानंतर पाण्याने भरलेले खड्डे तर दोन्हीकडच्या मोटारींना सारखेच छळतात, कारण त्यांची खोली चालकाला दिसत नाही.

पूर्वीच्या मोटारींच्या सांध्यांना ग्रीसची निपले असत. ठरावीक अंतरानंतर ग्रीस गनने त्यांत ताजे ग्रीस भरले जाई आणि त्या निमित्ताने मिस्त्रीची नजर प्रत्येक सांध्यावरून फिरे. अलीकडच्या मोटारींचे सांधे बहुधा कायमचे बंद केलेले असतात. त्यांतील ग्रीस कारखान्यात भरले जाते ते अखेरपर्यंत पुरते. अट एकच, सांध्यावरील रबरी टोपण शाबूत राहिले पाहिजे. टोपण फाटले, की ग्रीस बाहेर येते, पाणी आणि बारीक वाळू आत जाते आणि ज्या लेपाने घर्षण कमी व्हावयाचे तोच लेप सांधा घासू लागतो. आवाज सुरू होतो तो यानंतर, काही आठवड्यांनी वा महिन्यांनी. म्हणजे कानाला दोष कळण्याच्या पुष्कळ आधी तो डोळ्यांना दिसू शकतो. गाडी धुताना वा टायर बदलताना ही टोपणे एकदा पाहून घेण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

आधी डिकी रिकामी करावी

आवाजाचा शोध यंत्रणेपासून सुरू करू नये. मोटारीचा पत्रा हा एक मोठा नगाराच असतो. मागे वाजणारी वस्तू पुढे वाजल्याचा भास त्यामुळे सहज होतो. प्रथम डिकी पूर्ण रिकामी करावी. जॅक, पाने, पाण्याचा डबा बाहेर काढावा आणि स्टेपनीचा स्क्रू घट्ट करावा. बॅटरीची पट्टी, नंबर प्लेट, सायलेन्सरला पेलणारे रबरी कडे आणि चाकांवरील प्लॅस्टिकचे अस्तर हलवून पाहावे. चाकांचे नट योग्य पान्ह्याने तपासावेत. विशेषतः नुकतेच पंक्चर काढले असेल, तर हे आधी करावे. कारण सैल नटांचा आवाज सस्पेन्शनच्या आवाजासारखाच भासतो आणि त्याचा परिणाम मात्र भयंकर असतो.

आणखी एक साधी परीक्षा आहे. खडबडीत रस्त्यावर मोटार हळू चालवीत ब्रेकवर पाय अगदी हलकेच ठेवावा. खडखडाट त्याच क्षणी थांबला, तर तो बहुधा ब्रेक पॅडांच्या सैलपणाचा असतो आणि स्टिअरिंग वा सस्पेन्शन उघडण्याचे कारण उरत नाही.

‘कोठे’ याच्या आधी ‘केव्हा’

एवढे करूनही आवाज राहिला, तर एक लहान वही घ्यावी. आवाज आला त्या वेळी मोटार उभी होती की चालू, वेग किती होता, रस्ता कसा होता, स्टिअरिंग कोणत्या बाजूस वळले होते, ब्रेक दाबला होता का, सकाळची थंड वेळ होती की गाडी तापलेली होती, हे टिपून ठेवावे. शेजारी बसलेल्याने मोबाइलवर आवाज मुद्रित करून ठेवल्यास अधिकच चांगले. ‘गाडी वाजते’ एवढ्या माहितीवर कोणताही मेकॅनिक अंदाजच करू शकतो. ‘वीसच्या वेगाने, उजवीकडे वळताना, रस्ता सपाट असला तरी’ या माहितीने त्याचे निम्मे काम होते.

मराठी भाषा या बाबतीत मोठी सोयीची आहे. कुरकुर, खडखड, कटकट, घरघर हे आपले नेहमीचे शब्द, पण मोटारीच्या संदर्भात त्यांतील प्रत्येकाचा रोख वेगळ्या भागाकडे असतो.

मोटार उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर वरच्या बाजूने ‘टंग’ असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला, तर स्ट्रटच्या माथ्यावरील बेअरिंगचा संशय घ्यावा. हे बेअरिंग जाम झाले, की स्प्रिंग चाकाबरोबर सहज फिरत नाही. ती पिळली जाते आणि मग एकदम सुटते. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर कण्हल्यासारखा आवाज येत असेल आणि मोटारीला तेलावर चालणारे पॉवर स्टिअरिंग असेल, तर प्रथम तेलाची पातळी पाहावी. किंचाळी येत असेल तर पट्टा पाहावा. विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगला हे तेल नसते. तेथे धोक्याचा दिवा लागल्यास तपासणी टाळू नये.

लहान लहान खळग्यांवरून हळू जाताना येणारी कोरडी खडखड पुष्कळदा स्टॅबिलायझरच्या लिंकची असते. तोच रस्ता, तोच वेग; पण आवाज मोकळा नसून जड ‘ठक्’ असा असेल, तर बॉल जॉइंट, टाय रॉडचे टोक किंवा स्ट्रटचे माउंटिंग यांकडे वळावे. मोठ्या खड्ड्यात एकच दणका बसतो आणि त्यानंतर गाडी होडीसारखी हेलकावत राहते, तेव्हा शॉक ॲब्सॉर्बर दमलेला असतो. गाडीचा एक कोपरा खाली बसलेला दिसला, तर स्प्रिंगचे शेवटचे वेटोळे गंजून तुटले आहे का, हे अवश्य पाहावे. तुटलेले टोक टायरला लागून टायर फाटू शकतो.

गतिरोधकावर दाराच्या जुन्या बिजागरीसारखी कुरकुर ऐकू येते ती बहुधा कडक झालेल्या रबरी बुशांची. संशयित बुशावर साधे पाणी टाकावे. कुरकुर काही वेळापुरती थांबली, तर जागा सापडली असे समजावे. इंजिन ऑइल किंवा ग्रीस मात्र रबरावर लावू नये. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि लवकर कुजते.

ब्रेक दाबताना एक ठोका आणि सोडताना दुसरा, अशी जोडी ऐकू आली, तर लोअर आर्मचे बुश फाटून आर्म मागेपुढे सरकत असण्याची शक्यता असते. क्लच सोडतानाही तसाच ठोका येत असेल, तर इंजिनाची माउंटिंग तपासून घ्यावीत.

मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गती दिली आणि चाकाकडून ‘कट कट कट’ अशी लयबद्ध कटकट आली, तर ती पुढच्या ॲक्सलच्या बाहेरील सी. व्ही. जॉइंटची असते. चाकाच्या आतील बाजूस ग्रीसचे शिंतोडे उडालेले दिसले, की खात्रीच पटते. घरघर मात्र वेगळी. ती वेगाबरोबर वाढते, रस्ता कसाही असला तरी टिकते आणि बहुधा चाकाच्या बेअरिंगकडून येते. डावीकडे वळताना मोटारीचा भार उजव्या चाकांवर जातो. म्हणून डाव्या वळणावर घरघर वाढली, तर उजवे बेअरिंग तपासावे. उजव्या वळणावर वाढली, तर डावे.

हाताने करावयाची परीक्षा

कानाने जो संशय घेतला त्याची खात्री हाताने करावी लागते. त्यासाठी गाडी सपाट जागेवर उभी करावी, हॅण्डब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना दगडाची वा लाकडाची अडण लावावी. केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कधीही शिरू नये. जॅक निसटतो तेव्हा सावध होण्यास वेळ मिळत नाही. भक्कम स्टँड नसतील, तर ही तपासणी गॅरेजमध्येच करून घ्यावी.

पहिली परीक्षा गाडी जमिनीवर असतानाच होते. एकाने स्टिअरिंग थोडेसे डावीउजवीकडे हलवीत राहावे आणि दुसऱ्याने टाय रॉडच्या टोकांवर हात ठेवून पाहावे. सांधा सैल असेल, तर त्याचा ठोका कानाआधी तळहाताला जाणवतो. चाकांवर भार असल्यामुळे ही परीक्षा फार बोलकी ठरते. हात ठेवणाऱ्याने पंखा, पट्टा आणि चाक यांपासून बोटे दूर ठेवावीत आणि चालकाला स्पष्ट सूचना देत राहावे.

दुसरी परीक्षा चाक उचलून करावयाची. चाक घड्याळाची तबकडी आहे असे मानावे. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यास ढिलाई जाणवली, तर बहुधा टाय रॉड किंवा रॅक यांत दोष असतो. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवल्यास ढिलाई जाणवली, तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग सैल असते. या दोहोंतील निवाडा करण्यासाठी सहायकाला ब्रेक दाबून धरावयास सांगावे. ढिलाई नाहीशी झाली तर बेअरिंग, कायम राहिली तर बॉल जॉइंट. मॅकफर्सन पद्धतीच्या गाडीत चाक मोकळे लोंबकळत ठेवून लोअर आर्मला पहारेने हलकेच उचकावल्यास बॉल जॉइंटची ढिलाई डोळ्यांनी दिसते. ज्या मोटारींत स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असते, तेथे मात्र जॅक त्या आर्मखालीच लावावा लागतो. अन्यथा स्प्रिंगच्या दाबाने सांधा आवळलेला राहतो आणि झिजलेला असूनही निर्दोष भासतो.

शॉक ॲब्सॉर्बरसाठी गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. गाडी वर येऊन लगेच स्थिर झाली पाहिजे. तथापि, एवढ्यावर विसंबू नये. त्याच्या नळीवर तेल ओघळलेले आहे का आणि टायरचा माथा ठिकठिकाणी खळग्यांसारखा झिजला आहे का, हेही पाहावे.

कोणता दोष किती तातडीचा?

सर्व आवाज सारखे नसतात, आणि गृहस्थाच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच असतो की, गाडी आज चालवावी की नाही.

बॉल जॉइंट वा टाय रॉडच्या टोकातील ढिलाई, चाकाचे सैल नट, टायरजवळ आलेली तुटकी स्प्रिंग, एकाएकी जड झालेले किंवा अडकणारे स्टिअरिंग, सरळ रस्त्यावर गाडीने वाट सोडणे या बाबी आढळल्यास गाडी त्याच जागी थांबवावी आणि दुरुस्त झाल्याखेरीज हलवू नये. बॉल जॉइंट सुटला, तर चाक आडवे पडते. टाय रॉड सुटला, तर एक चाक स्टिअरिंगला जुमानत नाही. सपाट रस्त्यावर हळू जाताना असे घडले, तर नुकसान पत्र्यापुरते राहू शकते. घाटाच्या उतारावर मात्र चालकाच्या हाती काहीच उरत नाही.

चाकाच्या बेअरिंगची घरघर, सी. व्ही. जॉइंटची कटकट, ब्रेकबरोबर सरकणारा लोअर आर्म आणि तेल ओघळलेला शॉक ॲब्सॉर्बर यांची दुरुस्ती काही दिवसांतच करून घ्यावी आणि तोवर लांबचा प्रवास टाळावा. बुशांची कुरकुर, स्टॅबिलायझरच्या लिंकची खडखड आणि स्ट्रटच्या माथ्यावरील बेअरिंगची कुरबुर पुढील सर्व्हिसिंगपर्यंत थांबू शकतात. मात्र ती वाढत नाही ना, यावर लक्ष असावे.

आवाज बंद झाला म्हणजे दोष गेला, असे नव्हे. पावसाळ्यात झिजलेल्या सांध्यात पाणी आणि चिखल शिरून तो काही दिवस मुका होतो. एकदा ऐकू आलेल्या जड ठोक्याची नोंद कारण सापडेपर्यंत वहीतून खोडू नये.

दुरुस्ती करून घेताना

निदान झाल्यावर दुरुस्ती नेमकी करून घेणे हेही तितकेच महत्त्वाचे. शॉक ॲब्सॉर्बर एकाच बाजूचा न बदलता डावा-उजवा अशी जोडी बदलावी, अन्यथा गाडी दोन्हीकडे सारखी वागत नाही. टाय रॉडचे टोक वा लोअर आर्म बदलल्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. त्याखेरीज नवे टायरही थोड्याच दिवसांत एका कडेने झिजतात. काढलेली स्प्लिट पिन आणि लॉकनट पुन्हा न वापरता नवे बसवावेत.

लोअर आर्मचे बुश बसवताना होणारी एक चूक मालकांना सहसा ठाऊक नसते. त्यांचे बोल्ट अखेरचे आवळावयाचे ते गाडी चाकांवर उभी असताना. चाक लोंबकळत असताना बोल्ट घट्ट केले, तर गाडी खाली ठेवताच रबर पिळले जाते आणि कायम पिळलेल्या स्थितीत राहिल्याने नवे बुश अल्पावधीत फाटते. ‘सहा महिन्यांपूर्वीच बदलले होते’ या तक्रारीमागे पुष्कळदा हे कारण असते. सुटे भाग पावतीसह घ्यावेत आणि काढलेला जुना भाग पाहावयास मागावा. जुना भाग हातात घेऊन हलवला, की निदान बरोबर होते की नाही, हे कोणालाही कळते.

कायद्याची अपेक्षा

ही काळजी केवळ मालकाच्या मर्जीवर सोडलेली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ अन्वये प्रत्येक मोटारीचे स्टिअरिंग सुस्थितीत असले पाहिजे आणि त्यातील ढिलाई स्टिअरिंगवर मोजली असता ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. ३८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर हे माप सुमारे १० सेंटिमीटर भरते. ही कायद्याची शेवटची मर्यादा होय. रॅक-पिनियनच्या मोटारीत याहून पुष्कळ कमी ढिलाई आली तरी ती तपासणीस पुरेसे कारण समजावी. स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटांवर रबरी टोपणे असावीत आणि त्यांचे बोल्ट वा पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात, असेही हाच नियम सांगतो. ज्या लहानशा टोपणाकडे कोणी पाहत नाही, त्याची दखल कायद्याने घेतलेली आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० मध्ये धोकादायक स्थितीतील वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणे दंडनीय ठरवले आहे. ज्याला दोष ठाऊक होता तोच नव्हे, तर साधारण काळजी घेतली असती तर ज्याला तो कळला असता, तोही यात जबाबदार धरला जाऊ शकतो. तेव्हा ‘आवाज येत होता, पण कशाचा ते माहीत नव्हते’ ही सबब पुरेशी ठरत नाही. खाजगी मोटारीच्या नोंदणीची पंधरा वर्षे भरल्यावर प्रादेशिक परिवहन कार्यालयात तिची तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी नव्याने होते. या तपासणीआधी घाईघाईने रंगरंगोटी करण्यापेक्षा चाकांच्या सांध्यांकडे लक्ष देणे अधिक शहाणपणाचे.

वय आणि निगा

जुनी मोटार म्हणजे धोकादायक मोटार, असा सरसकट निष्कर्ष मात्र काढू नये. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात प्रीमियर पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावत होती. अखेरच्या पद्मिनी टॅक्सींनी वीस वर्षांची वयोमर्यादा गाठली ती शहराच्या खड्ड्यांतून आणि पावसातून रोजची ये-जा करीत. एवढे आयुष्य नुसत्या पोलादाच्या भक्कमपणाने मिळत नाही. वेळच्या वेळी घातलेले ग्रीस आणि बदललेले बुश यांचाही त्यात वाटा असतो.

गणपतीसाठी निघालेल्या त्या मोटारीकडे पुन्हा वळू या. पुढच्या डाव्या चाकाचा तो ‘खड्’ कदाचित स्टॅबिलायझरच्या लिंकचा असेल. मग थोड्या खर्चात तो जाईल आणि न गेला तरी प्रवास सुखरूप होईल. कदाचित तो बॉल जॉइंटचा असेल. मग ती मोटार अंगणातून बाहेर पडणेच इष्ट नाही. दोन्ही आवाज अननुभवी कानाला सारखेच वाटतात. त्यांतील अंतर कळण्यासाठी एक जॅक, भक्कम स्टँड, एक सहायक आणि निघण्याआधीच्या रविवारची अर्धी सकाळ पुरेशी आहे. रेडिओचा आवाज वाढवण्यापूर्वी एवढा वेळ प्रत्येक वाहनधारकाने अवश्य काढावा. त्या मोटारीत घरची माणसे बसणार असतात आणि त्याच घाटातून समोरून दुसऱ्या कोणाची तरी माणसे येत असतात.